अल्लाबक्षची डावी बाजू

हैबतरावांना अल्लाबक्ष माहीत होता तो फक्त डाव्या बाजूने. तीस वर्षं ते त्याच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर, त्याच्या डाव्या हाताला बसत आले. त्यामुळे डावा कान, त्या कानाच्या पाळीला पडलेली खाच, गालावरची पांढरी खुंटं आणि गिअरवरचा हात, एवढा अल्लाबक्ष त्यांना पाठ होता. तो वारल्यावर माघात ते पौडला त्याच्या घरी भेटायला गेले, तेव्हा त्याच्या मुलीने, आसमाने, मोबाइलवर एक फोटो दाखवला. समोरून काढलेला. हैबतरावांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि विचारलं, "हे कोण?"

"अब्बा," ती म्हणाली.

हैबतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीस वर्षांत या माणसाला आपण काय विचारलं? पाऊस किती झाला, रस्ता कुठं खचला, पुलाचं काम कधी व्हायचं. त्याच्या उत्तरांतून तो कळावा असं त्यात काही नव्हतं. पौडहून ताम्हिणीकडे वडाप करणारा, सीटा भरून माणसं नेणारा माणूस, पांढरी जीप, बायकोचं नाव हसिना. जीपचं मागचं दार नीट बसायचं नाही. मागून उतरणाऱ्या प्रत्येकाला अल्लाबक्ष मान न वळवता सांगायचा, "दार जरा जोरात लावा. बसत न्हाई." हैबतराव पुढे बसत, त्यामुळे त्यांना हे सांगायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. एवढीच काय ती त्यांची जवळीक.

आणि श्रावणातला तो रविवार. तो मात्र हैबतरावांना सगळा आठवतो, नको असला तरी.

त्या दिवशी त्यांच्या थोरल्या बहिणीचा, धोंडाबाईचा दहावा होता. सगळे तिला आक्का म्हणत. आक्का निवे गावाच्या अलीकडच्या वस्तीवर दिली होती. घाटाचा रस्ता तिच्या दारावरून जायचा. साठ वर्षं तिने त्या रस्त्याकडे बघत भाकऱ्या थापल्या, पण घाटाच्या तोंडाशी जाऊन खालचं कोकण तिने कधी बघितलं नव्हतं. हैबतराव गेले की म्हणायची, "हैबत, कुठनं कुठनं लोक येत्यात रं. काय बघत्यात तितं? मला एकदा न्हे की." हैबतराव म्हणायचे, "नेतो गं, पुढच्या खेपेला." पुढच्या खेपेला त्यांना उशीर झालेला असायचा, किंवा पाऊस असायचा, किंवा गुडघा दुखायचा. जीपने दहा मिनिटांची वाट होती ती.

भूगावहून सकाळी सात वाजता निघाले. जीपमध्ये नऊ माणसं. पुढे हैबतराव, मागे त्यांची बायको तुळजाबाई, नातू रोहित आणि भावकीतली इतर. रोहित हिंजवडीला नोकरीला. बसल्या बसल्या म्हणाला, "आजोबा, येताना व्ह्यू पॉइंटला थांबू या ना. एवढं आलोच आहोत तर."

"दहाव्याला चाललोय आपण," तुळजाबाई म्हणाल्या. "सहलीला न्हाई. तुझा बा आसता तर कानफटात दिली आसती."

रोहित मोबाइलमध्ये बघू लागला.

पिरंगुटपासूनच गाड्यांची रांग लागली होती. पौड मागे टाकलं तशी ती रांग हुल्लडबाज झाली. गाडीच्या टपातून पोरं कमरेपर्यंत बाहेर आली होती आणि शर्ट काढून डोक्यावर फिरवत होती. एका गाडीतून गाणं एवढ्या जोरात वाजत होतं की जीपची काच थरथरली. अल्लाबक्षने गाडी कडेला घेऊन त्यांना पुढे जाऊ दिलं.

"हॉर्न तरी मार," हैबतराव म्हणाले.

"कशाला, नाना? आईकणार हायेत व्हय ते?"

धरणाचं पाणी दिसू लागलं. हिरवे डोंगर, त्यांच्यावर उतरलेले ढग, पाण्यावर पडलेलं राखी ऊन. हैबतरावांना ते लहानपणापासून पाठ होतं. पण त्या दिवशी त्यांची नजर वर जाईना, खालीच जात राहिली. रस्त्याच्या कडेला बाटल्या पडल्या होत्या, काही फुटलेल्या, काही तारेच्या कुंपणाला कुणीतरी हौसेनं एकाशेजारी एक अडकवलेल्या. करवंदीच्या जाळीवर लहान पोराचं ते कागदी लंगोट लोंबत होतं, पावसाने भिजून गुबगुबीत फुगलेलं. एका वळणावर कठड्याला लागून सात-आठ गडी दरीकडे तोंड करून ओळीनं उभे होते. हैबतरावांना आधी वाटलं, देखावा बघताहेत. मग वारा आला आणि वास आला. एवढ्या लांबून देखावा बघायला यायचं आणि त्याच्यावरच मुतायचं. हैबतरावांनी काच वर केली. काच वर केली तरी तो वास नाकातच बसून राहिला होता.

"दर रविवारी हे आसंच?" त्यांनी विचारलं.

"आज कमीच हाय," अल्लाबक्ष म्हणाला. "पुढं धबधब्यापाशी बघा. न्हाईतर नका बघू."

आक्काच्या वस्तीच्या खाली धरणाचं पाणी येऊन टेकतं. तिथं एक सपाट खडक आहे, सगळ्या वाडीचे दहावे तिथंच होतात. आक्काच्या मुलाने, भिवाजीने, मुंडण केलं, गुरुजींनी विधी केले, पिंड झाले. केळीच्या पानावर भाताचे पिंड, दही, उडदाचे वडे मांडले. कुणीतरी म्हणालं, आक्काला मशेरी आवडायची, तर भिवाजीच्या बायकोने मशेरीची डबीही शेजारी ठेवली. मग सगळे मागे सरले आणि कावळ्याची वाट बघू लागले.

कावळा येईना.

हा आपला नेहमीचाच प्रकार, पहिली पंधरा-वीस मिनिटं कुणाला काही वाटत नाही. बायका हळू आवाजात बोलत होत्या. मग अर्धा तास झाला. मग एक. भिवाजी पुढे झाला, पानापाशी हात जोडून म्हणाला, "आई, गाय इकणार न्हाई. तुझी गाय तुझ्या दारात मरंल." सगळ्यांनी आभाळाकडे बघितलं. आभाळात घार होती, तीही लांब. भिवाजीच्या बायकोने नातीचं लग्न चांगल्या घरी करू म्हणून सांगितलं. एका भाच्याने आक्काशी कधीतरी बांधावरून भांडलो होतो त्याची माफी मागितली. त्याला वाटलं असावं, आता येईल. तोही बसला.

रोहितने मोबाइलमध्ये कावळ्याचा आवाज शोधून काढला आणि मोठ्याने लावला. काव, काव, काव. त्या खडकावर, त्या पिंडांपुढे, डबीतून यावा तसा तो आवाज.

"बंद कर ते," हैबतराव म्हणाले.

"अहो आजोबा, त्यांना वाटेल दुसरा कावळा आहे. इथे फक्त मॅगी ठेवायची राहिली. ती ठेवली असती तर आत्तापर्यंत दहा आले असते."

दोन-तीन जण हसले. दहाव्याच्या जागी हसले. आपल्याच माणसांची हैबतरावांना किळस आली. रस्त्यावरचा वास, ती पोरं, ते लंगोट आणि आता हे, सगळं एकच वाटू लागलं.

बारा वाजले. गुरुजींनी घड्याळ बघितलं. त्यांना दुपारी पिरंगुटला दुसरीकडे जायचं होतं. "अजून तासभर थांबू," ते म्हणाले. "नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववू. शास्त्रात आहे तसं."

शास्त्रात असेल. पण हैबतरावांना ते पटेना. गवताची काडी पानाला टेकवायची आणि मग सगळ्यांनी वडे खायला बसायचं. आक्काची इच्छा राहिली ती राहिलीच. आणि कुठली राहिली, ते एवढ्या माणसांत फक्त त्यांना माहीत होतं. ते उठले. चारचौघांत बोलायची त्यांना सवय नव्हती. पानापाशी जाऊन ते वाकले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "आक्का, घाटावर न्हेतो म्हणलो व्हतो. न्हेलं न्हाई. चुकलं माझं."

थांबले. काही नाही. पाण्याच्या लाटा खडकाला लागत होत्या आणि वर रस्त्यावरून गाणी वाजवत गाड्या चालल्या होत्या.

ते तसेच चढ चढून जीपपाशी आले. अल्लाबक्ष उंबराखाली जीपच्या पायरीवर बसला होता. दहाव्याला आला की तो कावळा शिवेपर्यंत पाणीसुद्धा पीत नसे, कारण बाकीचे उपाशी असत. हे मात्र हैबतरावांना माहीत होतं.

"कावळा शिवंना," ते म्हणाले. आणि मग, का कोण जाणे, त्याला सांगून टाकलं. आक्काने काय मागितलं होतं आणि आपण काय केलं नाही, ते.

अल्लाबक्षने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आक्कांना मी न्हेलं व्हतं, नाना."

"कुटं?"

"वर. घाटाच्या तोंडाशी. गेल्या साली, दिवाळीच्या आदी. पौडच्या दवाखान्यातनं आणत व्हतो. म्हणल्या, अल्लाबक्षा, सारं जग बघाया येतंय ते मला तरी दाव. मंग घर आलं तरी थांबलो न्हाई, तसाच वर न्हेलं."

"मग? काय म्हणाली?"

"दरीकडं लई बघितलंच न्हाई. खालीच बघितलं. बाटल्या, पिशव्या, उष्टं-खरकटं. लुगडं वर धरून उभ्या राहिल्या. म्हणल्या, शी! माझा गोठा यापरीस बरा. ह्यासाठी येत्यात व्हय मरायला? चल माघारी." तो किंचित हसला. "त्यांची ती इच्छा राहिलेली न्हाई, नाना. मनातनं काडून टाका."

हैबतरावांना खरं तर हलकं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. आपल्या बहिणीला आपण नेलं नाही आणि याने नेलं. आणि वर्षभर हा आपल्या शेजारी बसून गाडी चालवत होता, एका शब्दाने बोलला नाही. 

अल्लाबक्ष आभाळाकडे बघत होता. इकडून तिकडे, बराच वेळ. मग उठला आणि गाडीत बसला.

"येतो जरा वर जाऊन."

"आत्ता?"

"येतोच."

जीप धूर सोडत वर गेली. खालून तुळजाबाईंनी ते बघितलं. हैबतराव खाली आल्यावर त्या म्हणाल्या, "गेला बगा. रविवार हाय, वर गिऱ्हाईक हाय. हितं कुणाचा जीव अडकलाय त्याला काय त्याचं?"

"न्हाई गं, तसा न्हाई तो," भिवाजी म्हणाला.

"मग कशाला गेला? देखावा बघाया?"

हैबतरावांनी त्याची बाजू घेतली नाही. घेता आली असती. दहा मिनिटांपूर्वी त्याने जे सांगितलं ते अजून सलत होतं, म्हणून असेल. त्यांनाही वाटलं, गेला असेल. या रस्त्यावर आता सगळेच तसे.

पाऊण तास गेला. गुरुजींनी दर्भ हातात घेतला आणि त्याची गाठ मारू लागले. तेवढ्यात रस्त्याच्या अंगाने एक कावळा आला आणि उंबरावर बसला. मग आणखी एक. मग चार-पाच एकदम, एकमेकांवर ओरडत, चिडल्यासारखे. सगळे जागच्या जागी थिजले. पहिला कावळा खडकावर उतरला, तिरका तिरका चालत पानापाशी गेला आणि त्याने पिंडाला चोच मारली.

"शिवला!" भिवाजी ओरडला आणि रडायलाच लागला.

हैबतरावांनी हात जोडले. हात जोडताना त्यांना दिसलं की कावळ्याच्या चोचीला काहीतरी पांढरट, लांब, ओलं लोंबतंय. त्यांना वाटलं, गवत असेल.

सगळे जेवायला बसले तेव्हा जीप परत आली. अल्लाबक्ष खाली उतरला नाही. भिवाजीने पान वाढून नेलं, तर म्हणाला, "नको. पोटात बरं न्हाई." कपडे त्याचे ओले होते, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

परत निघायला गाडीत चढले आणि सगळ्यांनी नाकं धरली. असा वास की डोळ्यांना पाणी यावं. आंबलेलं, कुजलेलं, दारूचं आणि त्याखाली आणखी काहीतरी, ज्याचं नाव घेऊ नये असं. मागे, सीटखाली ओली ताडपत्री गुंडाळून ठेवली होती. पावसात टपावरच्या सामानावर टाकायची ती.

"काका, कोणी ओकलं का गाडीत?" रोहितने विचारलं.

"काचा खाली घ्या," अल्लाबक्ष म्हणाला. एवढंच.

तुळजाबाईंनी हैबतरावांकडे बघितलं. सांगितलं नव्हतं का, अशा नजरेने. दारूडी पोरं भरून नेली, त्यांनी घाण केली, ती ताडपत्रीने पुसली. सरळ दिसत होतं. आक्काच्या दहाव्याला. हैबतराव पुढच्या दारापाशी गेले होते. त्यांनी दार उघडलं, अल्लाबक्षकडून वासाचा लोट आला, आणि त्यांनी ते पुन्हा लावलं. रोहितला म्हणाले, "तू बस पुढं." आणि स्वतः मागे जाऊन दाराजवळ बसले, रुमाल नाकाला लावून. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना अल्लाबक्षची मान मागून दिसत होती. त्यांनी ती बघितली नाही. बाहेर बघत राहिले. बाहेर तेच होतं, बाटल्या, पिशव्या, ओळीनं उभे असलेले गडी.

त्यानंतर घाटाकडे जायचं कारणच उरलं नाही. भूगावहून कुठं जायचं तर रोहितची गाडी असायची. माघात कुणीतरी सांगितलं, तुमचा तो वडापवाला गेला, झोपेतच. म्हणून ते पौडला गेले, आणि फोटोत त्याला ओळखलं नाही.

आसमा चहा आणायला आत गेली. अंगणात भिंतीवर ती ताडपत्री वाळत घातलेली होती. बहुतेक त्यावर धान्य घालायचं असेल. हैबतराव ताडपत्रीकडे बघताहेत हे अल्लाबक्षच्या बायकोच्या, हसिनाबींच्या, लक्षात आलं.

"ती व्हय," हसिनाबी म्हणाल्या. "फेकून द्या म्हणून किती सांगितलं. तीनदा धुतली म्यां, साबणानं, राखेनं, फिनेल टाकून. काय काय चिकटलं व्हतं तिला! शेवया, हाडकं, लेकरांची घाण. शी! अजून आठवलं की जेवण जात न्हाई."

"कुठं भरली एवढी?" हैबतरावांनी विचारलं. 

"तुमच्याच बहिणीच्या दहाव्याला की, नाना! तुमाला न्हाई ठावं? कावळं समदे वर धबधब्यापाशी, गाड्यांच्या मागं उकिरडा हाय ना, तितं जेवाया बसल्याले. खाली कशाला येत्यात? ह्यांनी उकिरड्यावर ताडपत्री टाकली, हातांनी खरकटं आत लोटलं, कडंनं धोंडं ठिवलं आन काठी घेऊन हुभे राहिले. कणसंवाली भांडाया उठली. पोरं मोबाइल घेऊन फोटू काढत व्हती, म्हणं, अंकल पागल हो गया. कावळं उपाशी झालं तवा उडालं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आन हे माणूस कसलं? घरात उंदीर मेला तर मला हाक मारायचं. कोंबडीचं पीस हातात धरायचं न्हाई. त्या दिवशी दोनदा वकलं म्हणं तितं, आन मग वढ्यात बसलं कापडासकट."

हैबतरावांना त्या कावळ्याच्या चोचीतलं पांढरं, लांब, ओलं आठवलं. आसमाने आणून दिलेला चहा हातात तसाच राहिला.

"मला बोलला का नाही?" ते म्हणाले.

"म्यां बी तेच म्हणलं. तर म्हणले, त्यांचं दहाव्याचं काम, आन आपला हात लागला म्हणून कुणी कायबाय म्हणलं तर? कावळा आपला आपण आला, तसंच ऱ्हाऊ दे." हसिनाबी उठल्या. "चा निवला. दुसरा करती."

हैबतराव नको म्हणाले. त्यांना स्वतःच्या अंगाचा वास येतोय असं वाटत होतं.

त्या रविवारी संध्याकाळी भूगावात घरापुढे जीप थांबली होती. एरवी हैबतराव उतरताना म्हणायचे, "चा घेऊन जा." त्या दिवशी म्हणाले नाहीत. तुळजाबाई, रोहित, बाकीचे उतरून आत गेले. हैबतराव सगळ्यात शेवटी, नाकावर रुमाल धरूनच, मागच्या दाराने खाली उतरले.

अल्लाबक्षने मान वळवली नाही.

"नाना, दार जरा जोरात लावा. बसत न्हाई."

हैबतरावांनी दार ओढून आपटलं.

"लागलं का?"

"लागलं," अल्लाबक्ष म्हणाला.